समोरची तुळस दिसेपर्यंत

बाईंच्या लेखी वर्षात दोनच ऋतू होते. एक धुकं असलेला आणि एक धुकं नसलेला. धुकं नसलेले आठ-नऊ महिने त्या चारचौघींसारख्या वागत. वाल सोलत, पेपर वाचत, दुपारी पंख्याखाली घोरत. पण दिवाळी सरली, कृष्णेकडून पहाटे ते पांढरं पांढरं सांगलीत शिरायला लागलं, की बाईंच्या अंगात यायचं. साडेपाचला त्या ओट्यावर येऊन समोरच्या घराकडं बघत. समोरच्या अंगणात एक तुळशीवृंदावन होतं. ते दिसलं नाही, की गळ्यातली शिट्टी तोंडात जायची. एक लांब, दोन आखूड. मग आळीतली दारं हळूच उघडत आणि बायका पदर खोचत बाहेर येत. कुणी स्वेटरवरून साडी, कुणी साडीवरून नवऱ्याचा स्वेटर.

हा बाईंचा सायकलचा वर्ग. फक्त बायकांचा, फक्त हिवाळ्यात आणि फक्त धुक्यात. तुळस दिसायला लागली की पुन्हा शिट्टी, वर्ग खलास. अर्ध्या रस्त्यात असाल तर सायकल हातात धरून घरी. कारण साधं होतं. चाळिशीच्या बाईनं सायकलवरून पडताना तिला कुणी पाहू नये, आणि धुक्यात आपण पडलो तर आपल्यालासुद्धा नीटसं दिसत नाही, असं बाईंचं म्हणणं. त्यामुळं निम्म्या आळीला सायकल येत होती आणि कुणालाही सायकल चालवताना कुणी पाहिलेलं नव्हतं. बाईंना तर नाहीच नाही. त्या शिट्टी वाजवत मागून पळत. आळीत सगळे म्हणायचे, त्यांना स्वतःलाच येत नाही, लोकांना शिकवतात झालं. मीही बरेच दिवस तेच धरून चालले होते.

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून गेले ते सत्तरनंतरच्या एका कार्तिकात. खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "पळता येतं का?"

"लहानपणी यायचं," मी म्हटलं.

"मग आता काय झालं? पाय बदलले?"

उंच, सडसडीत, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, काठाची सुती साडी आणि जिथं इतर बायकांचं मंगळसूत्र असतं तिथं काळ्या दोऱ्यातली शिट्टी. मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं ड्रिल शिकवलं होतं. लग्न केलं नव्हतं. कुणाच्या दारावर त्या कधी थाप मारत नसत, शिट्टीच मारत. थंडीत शाल पांघरून बसलेलं कुणी दिसलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "शाल घेतलेली बाई म्हातारी दिसते, घाम आलेली बाई तरुण दिसते," हे त्या इतक्यांदा म्हणत, की आळीत उघडपणे शाल पांघरायची कुणाची छाती नव्हती. माझी एक चांगली काश्मिरी शाल तो सबंध हिवाळा ट्रंकेत कुजत पडली.

मी साताऱ्याची. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची. आमच्याकडं रस्ता एक तर चढतो नाहीतर उतरतो, सपाट म्हणून काही नसतंच. सायकल ही आमच्या पेठेत हातात धरून न्यायची वस्तू होती. सांगली मला सपाट, अफाट आणि मुंबईएवढी मोठी वाटायची. सरकारी आरोग्य खात्यात मला हंगामी नोकरी लागली होती. खेडोपाडी जाऊन लहान मुलांना देवीची लस टोचायची. काम मला मनापासून आवडलं होतं. मात्र कायम व्हायचं तर एक अट होती. आदेशातलं ते वाक्य मला आजही पाठ आहे: उमेदवारास सायकल चालवता येणे आवश्यक. माघात साहेब स्वतः मैदानावर परीक्षा घेणार होते.

आणि साताऱ्याला आप्पा वाट बघत होते. माझे वडील कोर्टात कारकून. वाईट माणूस नव्हे, पण पोरीची नोकरी म्हणजे लग्न ठरेपर्यंतचा विरंगुळा अशी त्यांची पक्की समजूत. आंतर्देशीय पत्रात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "कायम झालीस तर पुढे पाहू. न झाल्यास मुकाट परत यावे. कऱ्हाडची मंडळी खोळंबली आहेत." कऱ्हाडचा मुलगा मी पाहिला होता. त्याचं काही वाईट नव्हतं. मला जायचं नव्हतं, इतकंच.

मी हे सगळं बाईंना पहिल्याच रात्री जेवताना सांगितलं. त्या भाकरी मोडत म्हणाल्या, "धुकं किती दिवस टिकेल?"

"म्हणजे?"

"संक्रांतीनंतर पातळ होतं. दोन महिने आहेत तुझ्याकडं, सातारकर." त्या मला शेवटपर्यंत सातारकरच म्हणाल्या.

सायकल त्यांची स्वतःची होती. जुनी, काळी, उंच, लेडीज. ती माजघरात भिंतीला टेकून उभी असे, आणि दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडे. ब्रेक नावालाच होते. सीट इतकी उंच की माझ्या टाचा जमिनीला पुरत नसत, आणि ती खाली घ्यायला बाईंची सक्त मनाई. त्यांची शिकवण्याची रीतही जगावेगळी. चढायचं कसं, तोल कसा धरायचा, वळायचं कसं, खड्डा कसा चुकवायचा, सगळं चोख. पण उतरायचं कसं, ते त्या शिकवत नसत. कुणालाच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "बायकांना थांबायला शिकवायला माझी कशाला गरज? ते शिकवायला घरोघर माणसं बसलेली आहेत."

मग थांबायचं कसं? ज्याचं त्यानं बघावं. आळीतल्या एक काकू कापसाच्या गोणीवर जाऊन आदळत. शेजारच्या आक्का रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं की "धरा धरा" असं ओरडत. मी ओट्याला, कट्ट्याला, जे काही उंच असेल त्याला पाय टेकायला शिकले. घरी गुपचूप एकटीनं उतरायचा प्रयत्न केला, तेव्हा कोपर फोडून घेतलं. बाईंनी हळद लावली आणि मुळीच हळहळल्या नाहीत.

या आक्का मूळच्या तासगावकडच्या. नवरा फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. आक्कांचं सायकल शिकण्याचं कारण एकच. "त्यास्नी दावायचं हाय मला. कवाबी येऊंद्यात." तो पौषात आला. आक्कांनी त्याला पहाटे धुक्यात उभा केला आणि त्याच्या भोवतीनं तीन चकरा मारल्या. तो हवालदार माणूस, मिशा राखलेला, थंडीत कुडकुडत बघत राहिला आणि शेवटी हळूच म्हणाला, "मला बी शिकीव की गं." एवढ्या वर्षांच्या फौजेत त्याला सायकल आलीच नव्हती. बाईंकडं शब्द टाकून बघितला, पण त्यांनी ठाम सांगितलं, "पुरुषांसाठी उन्हाळा आहे."

माझी पहिली एकटीची फेरी मात्र मी कधी विसरायची नाही. त्या दिवशी धुकं असं होतं की हँडलच्या पुढचं चाक दिसत नव्हतं. बाईंनी मागून ढकलून दिलं, आणि मी निघाले. निघाले ती निघालेच. ओटे संपले, आळी संपली, मी मोठ्या रस्त्याला लागले. अंगातली भीती कुठंतरी गळून पडली आणि त्या पांढऱ्यात मी आहे का नाही हेच मला कळेना. रस्ता नाही, घरं नाहीत. कापसात ठेवल्यासारखी मी आणि चेनची कुरकुर. मग पुढं एक पिवळा ठिपका दिसला. उसाच्या गाडीच्या मागं बांधलेला कंदील. कारखान्याकडं निघालेल्या गाड्यांची रांग होती ती. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, ओल्या उसाचा वास, आणि गाडीवर घोंगडी पांघरून बसलेला म्हातारा गाडीवान.

"आवं बाई, बाजूला व्हा की! बैलं बुजतील."

"होता येत नाही!"

"मंग उतरा खाली."

"उतरता पण येत नाही!"

तो वळून बघायला लागला. त्याला धुक्यात काय दिसलं देव जाणे. "आँ? मंग चढलासा कशाला?"

मी नुसते पायडल मारत राहिले. त्याला तेवढं उत्तर पुरलं असावं. म्हणाला, "बरं, ऱ्हाऊंद्या. म्हागनं या गुमान. फुडं वड्याचा चढ हाय, तितं आपसूक थांबतीया ती."

मी त्या कंदिलाच्या मागं मागं गेले. किती वेळ, सांगता येणार नाही. गाडीवान मधूनच "हायसा न्हवं?" असं विचारायचा आणि मी "आहे" म्हणायचे. आयुष्यात मी इतकी सुखी क्वचितच होते. ओढ्याच्या चढावर सायकल खरंच थांबली आणि मी उसाच्या मोळीला धरून उभी राहिले. मागून धापा टाकत, शिट्टी वाजवत बाई आल्या. दोन मैल पळत आल्या होत्या. त्यांचा चेहरा घामानं निथळत होता आणि त्यांच्याच म्हणण्याप्रमाणं तरुण दिसत होता. गाडीवानानं आम्हाला एकेक ऊस मोडून दिला. तो चोखत आम्ही सायकल हातात धरून परत आलो. तुळस कधीच दिसायला लागली होती.

त्याच हिवाळ्यात सांगलीत सर्कस आली. बाईंनी आळीतल्या सगळ्याजणींना नेलं, डब्यात भडंग घेऊन. हत्ती, वाघ, विदूषक यांच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. एका चाकाच्या सायकलवरून तारेवर जाणारी एक मुलगी होती, तिच्यासाठी त्या आल्या होत्या. खेळ संपल्यावर त्या तंबूच्या मागं गेल्या आणि चमकीच्या कपड्यांवर शाल पांघरून चहा पीत बसलेल्या त्या मुलीला गाठून विचारलं, "उतरती कैसे हो?"

मुलगी हसली. "उतरना क्या, बाई. नीचे कोई पकड़ लेता है."

परत येताना बाई सगळ्यांच्या पुढं तरातरा चालत राहिल्या. त्यांनी त्या मुलीला शाल काढ असंही सांगितलं नव्हतं, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं हे मला कळलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्या माजघरात सायकलच्या चेनला तेल घालत बसल्या होत्या, तेव्हा आपण होऊन बोलल्या.

"ही सायकल मला माझ्या मामानं दिली होती. एकोणीस वर्षांची होते. पुण्याकडं व्यायामाचं शिक्षण देणारी शाळा निघाली होती, तिथं मी कुणाला न विचारता अर्ज केला. त्यांनी बोलावलं. ट्रंक मैत्रिणीच्या टांग्यातून पुढं पाठवली आणि मी सायकलवरून मिरजेला निघाले, गाडी गाठायला. तेव्हा सुद्धा धुकं होतं. ठरवलं होतं, स्टेशन येईपर्यंत पाय टेकायचा नाही. मिरजेचं रेल्वेचं फाटक लागलं तर ते बंद. मग मी फाटकाच्या अलीकडं गोल गोल फिरत राहिले. पाय टेकला नाही."

तेलाचा थेंब त्यांनी बोटानं पुसला.

"तेवढ्यात वडील टांगा करून आले. 'उतर' म्हणाले. ओरडले पण नाहीत गं. नुसतं, उतर. आणि मी उतरले. इतकी छान उतरले, सांगते तुला. झोक न जाता, साडी न अडकता. मग फाटक उघडलं. गाडी तर गेलीच होती."

पुढं त्या इथल्याच शाळेत लागल्या आणि न शिकता जेवढं शिकवता येतं तेवढं शिकवत राहिल्या. मी विचारलं, "मग आता का बसत नाही सायकलवर?"

"बसले की उतरावं लागेल," त्या म्हणाल्या, आणि सायकल पुन्हा भिंतीला टेकवली.

मला त्या दिवशी खूप रडू आलं. त्यांच्यासमोर नाही, खोलीत जाऊन.

माघातली ती परीक्षा सकाळी दहा वाजता होती. धुकं नव्हतं, ऊन लख्ख पडलं होतं. उजेडात सायकल चालवायची माझी ती पहिलीच वेळ. बाई सोबत आल्या होत्या, गळ्यात शिट्टी, हातात पाण्याचा तांब्या. टेबल मांडून साहेब बसले होते, शेजारी रजिस्टर घेतलेला कारकून. दोन फेऱ्या मारायच्या, उतरायचं आणि सही करायची. मैदानात झेंड्याच्या खांबाला एक दगडी कट्टा होता. दुसऱ्या फेरीला त्याला पाय टेकायचा, असा बेत मी येताक्षणी मनात करून ठेवला होता.

पहिली फेरी झाली. दुसरी निम्मी झाली. मी कट्ट्याच्या रोखानं वळले आणि बघते तर कट्ट्यापुढं आप्पा उभे. काळी टोपी, काखेत छत्री, तोंड लाल. कऱ्हाडची मंडळी रविवारी येणार म्हणून ते मला न्यायला सकाळच्या एसटीनं आले होते. घरी मी नव्हते, तर आक्कांनी त्यांना बिनदिक्कत सांगून टाकलं होतं, "पोरगी मैदानात सायकल फिरवाय गेलीया." चार परक्या पुरुषांसमोर, पदर खोचून, भर उन्हात त्यांची मुलगी सायकलवर गोल गोल फिरत होती.

"उतर," आप्पा म्हणाले.

ओरडले नाहीत. मी त्यांच्या अंगाजवळून गेले. थांबायची जागा त्यांनीच अडवली होती. मला थांबावंसं वाटलं, हे मी लपवणार नाही. बावीस वर्षांत त्यांनी एखादी गोष्ट सांगावी आणि मी ती करू नये असं झालं नव्हतं. पाय आपोआप पायडलवरून सुटायला निघाला. पण खाली जमीन इतकी लांब होती, आणि तिथवर कसं जायचं ते मला ठाऊकच नव्हतं. म्हणून पाय पुन्हा पायडलवर आला.

"आप्पा, येत नाही!" मी ओरडले.

तिसरी फेरी सुरू झाली. आप्पा माझ्या मागून पळायला लागले. आधी छत्री पडली, मग टोपी. "उतर म्हणतोय ना! अगं उतर!" साहेब खुर्चीवरून उठून बघायला लागले. आणि मग बाईंचा आवाज आला. तीस वर्षं ड्रिलच्या मैदानावर चाललेला, खणखणीत.

"नाही येत हो तिला. खरंच येत नाही. तेवढं मी शिकवलंच नाही."

आप्पा जागच्या जागी थांबले. ते बाईंकडं बघत राहिले, बाई त्यांच्याकडं. मी आणखी एक फेरी मारून आले, तोवर कट्टा मोकळा झाला होता. मी पाय टेकला.

साहेब म्हणाले, "उतरता येत नाही म्हणजे? असं कसं चालेल?"

"तुमचा कागद काढा," बाई म्हणाल्या. "चालवता येणे आवश्यक असं आहे. उतरण्याबद्दल त्यात एक अक्षर नाही."

साहेबांनी खरोखरच कागद काढून वाचला. मग ते हसले आणि कारकुनाला खूण केली. तो रजिस्टर घेऊन कट्ट्यापाशी आला आणि मी सायकलवर बसल्या बसल्या सही केली. अक्षर फार वाईट आलं.

आप्पा कट्ट्यावर बसले होते. बाईंनी त्यांना तांब्या दिला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "साताऱ्यात असतीस तर कशी चालवली असतीस?" त्यांनी विचारलं.

"साताऱ्यात नाही चालवता येणार, आप्पा."

"हो," ते म्हणाले. "तिथं चढच फार."

संध्याकाळच्या एसटीनं ते एकटेच परत गेले, पिशवीत भडंगाचा पुडा घेऊन. स्टँडवर खिडकीतून म्हणाले, "उतरायला शीक हो. पडशील एखाद वेळी." पुढं मी ते शिकले, गावोगाव फिरताना, माझं मीच. बाईंना कधी कळू दिलं नाही.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे शिट्टी झाली नाही. मी उठून ओट्यावर आले. माघात एवढं धुकं पडत नाही, पण त्या दिवशी पडलं होतं. समोरची तुळस नव्हतीच. वळून माजघरात बघितलं तर भिंत रिकामी. बाईंची शिट्टी तेवढी खिळ्याला लटकत होती.

मी थांबले. खूप वेळानं लांबवर, पुलाच्या बाजूला, सायकलची घंटी वाजली. मग जवळ. मग पुन्हा लांब, अगदी नदीपलीकडं गेल्यासारखी. आक्का दार उघडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आज कोण गं एवढ्या येरवाळी?" मी म्हटलं, मला काय माहीत.

हळूहळू पांढरं विरळ व्हायला लागलं. आधी वृंदावनाचा कठडा दिसला, मग मंजिऱ्या. घंटी आळीच्या तोंडाशी आली आणि चेनची कुरकुर मला स्पष्ट ऐकू यायला लागली. मी आक्कांना दंडाला धरून आत नेलं आणि दार लोटून घेतलं. बाई कशा उतरल्या, ते आम्ही दोघींनीही पाहिलं नाही.